आवळा, लोखंड आणि काळा पट्टा

नमस्कार मंडळी. हे चामड्याचे दोन तुकडे पहिल्या रांगेपासून फिरवते आहे. हातात घ्या, वास घ्या आणि कापलेली कड नीट बघा. एकाची कड आतपर्यंत तपकिरी दिसेल. ते झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं. दुसऱ्याची कड मधोमध निळसर राखाडी आहे, ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. बाजारात मिळतं ते बहुतेक क्रोमचंच. मऊ असतं, टिकाऊ असतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण आज सांगणार आहे ते, लोखंडाच्या पाण्याने चामडं काळं करण्याचं काम त्याच्यावर होत नाही. ओळख पटत नसेल तर पाण्याचा एक थेंब टाका. सालीच्या कोऱ्या चामड्यावर तो बघता बघता मुरतो आणि डाग गडद होतो.

कोल्हापुरी चप्पल याच चामड्याची. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवायचं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केलं आणि चप्पल चर्मकारांनी घडवली. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या 4 आणि कर्नाटकातल्या 4 जिल्ह्यांना मिळून. चपलेचं नाव झालं, पण कातडं कमावणाऱ्या हातांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आपण रंगाबद्दल बोलतो तेव्हा निम्मं काम त्यांनी आधीच केलेलं असतं.

मी पहिला पट्टा केला तो झोळीसाठी. चामडं कापलं आणि थेट रंग लावला. वाळल्यावर माझ्या बोटांचे ठसे त्यावर फिकट उमटले होते. हाताचं तेल लागलं तिथे रंग आत शिरलाच नव्हता. तेव्हापासून आधी सुती कापड स्पिरिटमध्ये बुडवून पुसते, मग ओल्या स्पंजने सगळीकडे सारखा ओलावा देते. रंग पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. एकाच दाट हातात उरकायला गेलात तर पट्टे उठतात.

दुसरी चूक मात्र मला बरंच काही शिकवून गेली. ओल्या चामड्यावर रात्री रापी, म्हणजे चामडं कापायचं लोखंडी हत्यार, तशीच राहिली. सकाळी पात्याखाली निळी-काळी रेघ! स्पिरिटने पुसली, साबणाने धुतली, जाईना. आमच्या पेठेत चपला शिवणारे मामा आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "ताई, लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना? तेच झालंय."

अगदी तेच. आवळ्यात टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, हिरड्यात टॅनिन, बाभळीच्या सालीत टॅनिन. त्याला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. मग हा डाग मुद्दामच का पाडू नये? पुण्याच्या बोहरी आळीतून स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता, आणलं, साबणाने धुऊन त्याचं तेल काढलं आणि काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवलं. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो, आणि गॅसच्या शेगडीपासून ती लांब ठेवा. नंतर दुहेरी मलमलीतून गाळून घ्या.

हे पाणी ब्रशने लावलं की चामडं आधी राखाडी होतं, मग जांभळट, आणि तुमच्या डोळ्यांदेखत काळं. मी इतकी वर्षं करते आहे, तरी त्या क्षणी हात थांबतो. रंग फिका राहिला तर चामड्यात टॅनिन कमी आहे असं समजा. त्यावर कडक कोरा चहा किंवा हिरड्याचं पाणी लावून वाळवा आणि पुन्हा करा.

पुढची पायरी टाळू नका. व्हिनेगरचं आम्ल मारायला लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्याने पुसायचं, थोडं फसफसेल, की लगेच साध्या पाण्याने. सोडा राहिला तरी चामडं खराब होतं. वाळवायचं सावलीत. उन्हात पापडासारखं कडक होतं. सावलीतसुद्धा थोडं ताठरतंच, म्हणून किंचित ओलसर असतानाच नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा, पातळ हात द्या. खोबरेल मी टाळते. पुण्याच्या थंडीत ते बाटलीत गोठतं, आणि चामड्यावरही पांढरट थर दिसू लागतो.

कडा पाण्याने ओलावून लाकडी दांड्याने घासायच्या, तंतू बसून चकाकी येईपर्यंत. वरून मधमाशीचं मेण. याला हाताचा जोर लागतो, दुसरं काही नाही. पावसाळ्यात मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा.

आता हा तिसरा पट्टा घ्या, काळा. सोबत पांढरा रुमाल देते. जोरात घासा आणि रुमाल बघून मागच्या रांगेकडे द्या.