मनीऑर्डर आणि मर्दानगी

रत्नागिरी जिल्ह्यातलं हर्णै बंदर. होड्यांतलं म्हावरं बैलगाड्यांवरून किनाऱ्याला लागलंय, वाळूतच लिलाव सुरू झालाय. बोली लावणारे आवाज ऐका. टोपल्या कोण उचलतंय, नोटा मोजून कमरेला कोण खोचतंय, तेही बघा.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. गिरण्यांच्या काळापासूनची रीतच ती: कर्ता पुरुष मुंबईत. लालबाग-परळच्या गिरणीत पाळी करायची, एकाच खोलीत कितीतरी जणांनी आळीपाळीने पाठ टेकायची, महिन्याला मनीऑर्डर धाडायची. गावातला त्याचा मान त्या मनीऑर्डरीवर होता. १९६६ साली शिवसेना मराठी तरुणाच्या नोकरीचा प्रश्न घेऊन उभी राहिली, तेव्हा याच खोल्यांतून तिला माणसं मिळाली. प्रश्न खरा होता. पण तो मांडला गेला मर्दानगीच्या भाषेत. पुढे सेनेची महिला आघाडीही रस्त्यावर उतरली, तरी त्या भाषेत बाई म्हणजे आई, नाहीतर जिची अब्रू राखायची ती बहीण. कमावणारी बाई त्यात बसलीच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या एकेक करून बंद झाल्या. मनीऑर्डरी आटल्या. घर बायकांनी ओढलं.

रोजगार गेलेल्या पुरुषाची चीड मतपेटीत कशी उतरते, हे युरोपात बारकाईने अभ्यासलं गेलंय. तिथल्या कट्टर उजव्या पक्षांना बहुतेक ठिकाणी पुरुषांची मतं जास्त पडतात. जर्मनीत २०२५ च्या संसदेच्या निवडणुकीत एएफडी या अशाच पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली, तीही बायकांपेक्षा पुरुषांत ठळक जास्त. बाहेरून आलेल्यांवरचा राग मात्र दोघांतही जवळपास सारखाच सापडतो. 'बायकांचं आता फार झालं' असं वाटणारे या पक्षांकडे अधिक वळतात. पक्षाची दांडगाई बघून बायका बिचकतात. फ्रान्समध्ये २०१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथल्या कट्टर उजव्या पक्षातर्फे वडिलांच्या जागी मारीन ल पेन उभ्या राहिल्या, भाषा मवाळ झाली, आणि बायका-पुरुषांतला फरक जवळजवळ मिटला. बायका उपजत सौम्य म्हणून दूर राहतात, ही समजूत आपणही सोडायला हवी.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर. ही प्रचारसभा. पुढच्या रांगा बायकांच्या, व्यासपीठ पुरुषांचं. 'माता-भगिनींनो' तीनदा झालं. बर्फाचा भाव, सुकट वाळवायचे ओटे, यांवर अवाक्षर नाही. महाराष्ट्रातल्या पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ओट्यांचा ठराव तिथे त्यांनीच मांडायचा आहे, खुर्चीत नवऱ्याला न बसवता.