कागदी घुमटाखाली

(दृश्य: लंडन, ब्रिटिश म्युझियम. कॅमेरा जमिनीवरून घुमटाकडे.)

हे ब्रिटिश म्युझियमचं जुनं वाचन-दालन. मान वर करून बघा. निळा, सोनेरी, एवढा भारदस्त घुमट. पण आतलं आवरण चक्क कागदाच्या लगद्याचं आहे. सांगाडा बिडाचा, व्यास १४० फूट. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटापेक्षा जेमतेम दोन फुटांनी कमी.

डोकं अंतोनिओ पानिझ्झी यांचं. राजकीय कटात अडकून इटलीतून परागंदा झालेला, मागे गैरहजेरीतच फाशीची शिक्षा झालेला हा माणूस इथे छापील ग्रंथांचा प्रमुख झाला. राज्यातल्या सर्वांत श्रीमंताला जी पुस्तकं मिळतात ती गरीब विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजेत, असं त्यांनी १८३६ मध्ये संसदेच्या समितीला बजावलं होतं. म्युझियमचा मधला चौक ओसच पडला होता. १८५२ मध्ये पानिझ्झींनी त्यात हे गोल दालन कागदावर रेखाटलं, आणि वास्तुविशारद सिडनी स्मर्क यांनी ते उभं केलं.

२ मे १८५७, उद्घाटन. ग्रंथसूचीच्या मेजांवर त्या सकाळी शॅम्पेन आणि आइस्क्रीम! आज कुठल्या ग्रंथपालाला हे सुचवून बघा.

(दृश्य: वाचकाचं मेज, अगदी जवळून.)

समोर आडोसा, म्हणजे पलीकडच्याशी नजरानजर नको. त्यातच दौत, पुस्तक टेकवायला घडीची फळी. मधोमध उंचावर पर्यवेक्षक. कुणी पान फाडायला गेलं तर लपणार कुठे?

एकच अडचण होती. आगीच्या धास्तीने आत दिवा लावत नसत. लंडनचं दाट धुकं उतरलं, की वाचकांनी पुस्तकं मिटायची. १८७९ मध्ये विजेचे दिवे आले तेव्हा कुठे हा जाच संपला.

मार्क्स इथे बसत. लेनिन यांनी १९०२ मध्ये पास काढला तो ‘जेकब रिक्टर’ या नावाने.

आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत, सकाळी दार उघडायच्या आत हजर असणारे भीमराव आंबेडकर. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत आणि वेळही नाही. रात्री खोलीवर भाजलेले पापड आणि कपभर दूध, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पानिझ्झींचा तो गरीब विद्यार्थी थेट मुंबईहून आला होता.

(दृश्य: रिकामं दालन.)

१९९७ मध्ये वाचक उठले. ग्रंथालय सेंट पँक्रासच्या नव्या इमारतीत गेलं. मेजं मात्र अजून इथेच आहेत.