ओझर ते हीथ्रो: अंतर मोजायचं कुठून?

(पृथ्वीचा गोल, त्यावर ताणलेला दोरा)
नाशिकजवळच्या ओझरहून लंडनचं विमान नाही, म्हणून एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर. दोरा घट्ट ओढला की तो उत्तरेकडे सरकतो आणि त्याचा मध्य येतो आर्मेनियावर. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट वाकडी दिसते, पण सगळ्यात जवळची हीच. लांबी सुमारे 7,200 किलोमीटर.

विमानाला ती जशीच्या तशी मिळत नाही. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांची वाट अडवली, म्हणजे वळसा आला. त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. जाताना तो समोरून, येताना पाठीशी. म्हणून जायला दहा तासांच्या आसपास लागतात, परतायला साधारण तासभर कमी. तिकिटावरचा वेळ नुसत्या उडण्याचाही नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, पलीकडे जाऊन उभं राहिलं की थांबतं.

(पहाट. उघडी डिकी, हातकाट्याला लटकलेली बॅग)
नाशिककराचं घड्याळ मात्र इथेच सुरू झालंय. काटा तेवीस किलोच्या पुढे गेला, तशी बॅगेची चेन पुन्हा उघडली; चिवड्याचं एक पाकीट बाहेर, स्वेटर अंगावर. नाशिकचा द्वारका चौक, मुंबई नाका, मग इगतपुरी. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळला. हे मोठंच काम झालं. पण भिवंडीपासून पुढे गाड्यांची ही रांग बघा. मुंबई विमानतळ सुमारे 165 किलोमीटर, हाताशी धरायचे चार तास, शिवाय तीन तास आधी हजर राहायचं. विमान हलण्याआधीच सात तास गेले. रस्त्यात ट्रक आडवा झाला तर विमान चुकतं, नवं तिकीट काढावं लागतं.

(ओझरची धावपट्टी, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा)
आणि ही आपली ओझरची धावपट्टी, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. लांबी सुमारे तीन किलोमीटर. 1964 मध्ये मिग विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना इथे उभा राहिला. पुढे सुखोई इथेच बांधली गेली. 17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए याच धावपट्टीवरून उडालं. लढाऊ विमान घडवणाऱ्या गावाने परदेशी जायला मुंबईचा रस्ता का धरावा?

इथून दिल्ली हवाई मार्गाने सुमारे 1,000 किलोमीटर, दोन तासांची. दिल्लीहून लंडन साधारण 6,700. बेरीज 7,700, म्हणजे मुंबईच्या थेट वाटेपेक्षा 500 किलोमीटर जास्त. तरीही भिवंडीची रांग टळते. दुबई तर ओझरपासून जेमतेम 2,000 किलोमीटर, तीन तासांवर, आणि तिथून युरोपची विमानं दिवसभर सुटतात. ओझरहून आधी दुबईचं विमान सुरू व्हायला हवं.