कुत्र्यांना लागू पडलेली गोळी

पत्रिकेत विषय छापलाय 'मूत्राशयाचा कॅन्सर आणि दाहशामक औषधं', आणि बोलायला उभा आहे गुरांचा डॉक्टर. हसा, हसा. एका परिषदेत मी हाच विषय काढला, तर एका सर्जनसाहेबांनी विचारलं, "तुमचे पेशंट शेपूट हलवून रिपोर्ट देतात का?" तेव्हापासून मी कुत्र्यांपासूनच सुरुवात करतो.

अमेरिकेत इंडियानात पर्ड्यू विद्यापीठ आहे. तिथं कॅन्सर झालेल्या कुत्र्यांना दुखणं कमी व्हावं म्हणून पिरॉक्सिकॅम देत. हो, आजोबांच्या गुडघ्यांसाठी देतात तीच. जनावराचे शेवटचे दिवस सुसह्य जावेत, एवढाच हेतू. आणि काहींच्या गाठी आकसल्या की! योगायोग म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. तिथल्या पशुवैद्य डेबोरा नॅप यांनी सोडलं नाही. मूत्राशयाचा कॅन्सर असलेल्या ३४ कुत्र्यांना त्यांनी रीतसर ही गोळी देऊन पाहिली, पेपर १९९४चा. दोघांची गाठ पार गेली, चौघांची बरीच उतरली, १८ जणांची होती तिथंच थांबली, १० जणांची वाढत राहिली. सोबत केमो नाही, काही नाही. (स्कॉटिश टेरियर जातीला हा रोग फार होतो. कुणाकडे असेल आणि लघवीत रक्त दिसलं, तर 'उन्हाळी लागली असेल' म्हणून बसू नका. स्वतःच्या लघवीत दिसलं तर मुळीच बसू नका. आणि तंबाखूची पुडी खिशात आहे त्यांनी... असो.)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्दा.

सूज असते तिथं कॉक्स-२ हे विकर (एन्झाइम) प्रोस्टाग्लँडिन नावाचं, सूज वाढवणारं रसायन बनवतं. गाठीला ते मानवतं. गोळी त्या विकराला अडवते. म्हणून ब्रिटनमध्ये 'बॉक्सिट' चाचणी झाली: ४७२ माणसं, सेलेकॉक्सिब (कॉक्स-२ला अडवणारीच दुसरी गोळी) किंवा नुसती खोटी गोळी, दोन वर्षं. निकाल २०१९ला आला. कॅन्सर परतण्यात एकूण म्हणावा असा फरक नाही, हृदयाचे गंभीर त्रास मात्र गोळीवाल्यांत जास्त. झालं, फाइल बंद!

माझी तक्रार इथं आहे. ते रुग्ण स्नायूपर्यंत न पोचलेल्या कॅन्सरचे. आमच्या कुत्र्यांचा बहुतेक वेळा स्नायूत शिरलेला. चाचणीतल्या माणसांतही, कॅन्सर मूत्राशयाच्या अस्तराखाली उतरलेल्या गटात गोळीनं कॅन्सर उशिरा परतला, हे त्याच पेपरात आहे. पोटगटाचा आकडा आहे, डोक्यावर घेऊ नका. पण नजरेआडही करू नका. शिवाय जास्त धोक्याच्या रुग्णांना बीसीजी, म्हणजे क्षयाचीच लस, मूत्राशयात देतात, आपल्या पुण्यात सीरममध्येही बनते ती. ती मूत्राशयात मुद्दाम सूज आणते, म्हणून तर कामाला येते. म्हणजे एका हातानं चूल पेटवायची आणि दुसऱ्या हातानं तिच्यात पाणी ओतायचं, असं तर होत नाही ना?

२०१५ला ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजनं उंदरांवर दाखवलं, की केमोनं मरणाऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिन सोडतात आणि त्यानं गाठीतल्या मूळपेशी जाग्या होऊन पुन्हा वाढतात. सेलेकॉक्सिबनं ते थांबलं. तेव्हा खोल गेलेला कॅन्सर, केमो आणि सोबत ही गोळी, हृदय तपासून निवडलेल्या रुग्णांत: चाचणी हवी ती ही.

वेळ संपली. तोवर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाऊ नका. पोट, किडनी आणि हृदय, तिन्हींना महागात पडतात.