उधारीच्या वहीतून विधानसभेत

नमस्कार श्रोतेहो. कोकणातल्या तालुक्या-तालुक्यात एखादा आमदार नाहीतर झेडपीचा सभापती असा सापडतो, ज्याची सुरुवात किराणा दुकानात झाली. आज कुणा एकाचं नाव घेत नाही, ही जातकुळीच सांगायची आहे.

एसटीच्या थांब्याजवळचं दुकान. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, घरचा कमावता मुंबईला. मनीऑर्डर येईपर्यंत चहा-साखर, मीठ-मसाला सगळं उधारीवर. कुणाचे पैसे यायचे थांबलेत, कुणाचा मुलगा लालबागच्या खोलीत आजारी आहे, हे तलाठ्याच्या आधी दुकानदाराला कळायचं. म्हातारीला पत्रही तोच वाचून दाखवायचा. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डरी आटल्या, चाकरमानी वळकटी घेऊन घरी परतले. त्या वर्षी ज्यानं वही मिटली नाही, त्याला पुढे मतांसाठी फार हिंडावं लागलं नाही. आता यात उपकार किती आणि धंदा किती? ज्याचं देणं आहे तोच मत मागायला दारात उभा राहिला, तर नाही कोण म्हणणार! 

वर चढायची वाट तयार होतीच. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मग विधानसभा. अर्थात परळच्या चाळीतलं ग्रामस्थ मंडळ कुणाकडे झुकतंय, तेही बघावं लागे.

आमदार झाल्यावर हा माणूस काय मागायचा? ओहोळावर साकव, म्हणजे छोटा पूल, वस्तीची एसटी, धूपप्रतिबंधक बंधारा. शहरातले हसतात, हसू देत. पावसात पोरं शाळेत कशी जातात, हे त्याला दुकानात बसून दिसलेलं होतं. पण वहीत ज्याचं खातं नाही असा प्रश्न त्याला सहसा दिसत नसे, हेही खरं. गंमत बघा, हाच मतदार लोकसभेला वेगळा वागला. राजापूरनं १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ ते १९९१ प्राध्यापक मधु दंडवते यांना दिल्लीला धाडलं. देशाचं बोलायला बॅरिस्टर-प्राध्यापक आणि साकवासाठी दुकानदार, अशी ही वाटणी. मला ती शहाणपणाची वाटते.

आणि हा नागपूरच्या अधिवेशनाला गेला की गल्ल्यावर कोण? त्याची बायको. माल भरणं तिचं, वसुली तिची, वर येणाऱ्या-जाणाऱ्या कार्यकर्त्यांचा चहाही तिचाच. पुढे १९९३ च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्यावर नेल्या. तेव्हा, सहीपुरतं घरचंच माणूस बरं म्हणून पुष्कळ पुढाऱ्यांनी बायकोचा अर्ज भरला. इतकी वर्षं उधारी वसूल केलेल्या बाईला ठेकेदाराचं बिल तपासायला शिकवावं लागत नाही, हे त्यांच्या जरा उशिराच ध्यानात आलं.