पान, मूळ आणि मधलं सिमेंट

(पुणे कॅम्प, संध्याकाळ. पर्जन्यवृक्षाची फांदी, वेगवान चित्रण.)

उन्हं कलली आणि पर्जन्यवृक्षानं, म्हणजे आपल्या विलायती शिरीषानं, पानं मिटायला घेतली. समोरासमोरच्या पर्णिका जोडीजोडीनं खाली झुकतायत. वारा पडलेला आहे, कुणी हातही लावलेला नाही.

कॅमेरा जवळ नेऊ. पर्णिकेच्या बुडाशी हा बारीकसा फुगीर सांधा दिसतोय, सगळी हालचाल इथं होते. झाडाला स्नायू नसतात, पण पेशीत पाणी भरणं आणि काढून घेणं त्याला उत्तम जमतं. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींमधून पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जातं आणि ती बाजू सैल पडते. दुसऱ्या बाजूच्या पेशी त्याच वेळी फुगतात. पान कलतं. १९७०च्या दशकात येल विद्यापीठातल्या रूथ सॅटर आणि आर्थर गॅल्स्टन यांनी हा व्यवहार अभ्यासला, तो ह्याच जातीच्या पानांवर. झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, पण आता पुण्याच्या कितीतरी जुन्या रस्त्यांची सावली त्याचीच आहे.

(सूक्ष्मदर्शकातून: ऱ्हिओच्या पानाची साल.)

हा ऱ्हिओ, जांभळ्या पाठीच्या पानांचं शोभेचं रोप. पुण्यातल्या बाल्कन्यांमध्ये हमखास सापडणारं. पानाच्या जांभळ्या पाठीची साल अलगद सोलून काचपट्टीवर ठेवली आहे. जांभळ्या पेशींच्या मधोमध हिरव्या पेशींची जोडी दिसते, त्या रक्षक पेशी. दोघींमधली फट म्हणजे पर्णरंध्र. कार्बन डायऑक्साइड इथूनच आत येतो, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ इथूनच बाहेर जाते.

आता कडेनं मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडतोय. नीट बघा. जांभळा रंग पेशीच्या भिंतीपासून सुटला, आक्रसत आक्रसत मध्ये गोळा झाला. पेशीतलं पाणी तिच्या पातळ पटलातून बाहेर, मिठाकडे निघालं. रक्षक पेशीही ढिल्या पडल्या आणि फट मिटली. जिवंत पानात हीच उघडझाप पोटॅशियमच्या ये-जा करण्यानं चालते. पान हलवणारी आणि पानाला श्वास घेऊ देणारी यंत्रणा एकच आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की झाडाकडे बघण्याची नजरच बदलते.

मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी शेकडा ९५हून अधिक पाणी असं वाफ होऊन जातं. ते वाया जात नाही. वर पानातून पाणी उडालं की खोडातल्या जलवाहिन्यांमधला पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून वीस मीटर उंचीवरच्या शेंड्यालाही पाणी पोचतं. पंपाविना.

(केबलसाठी खणलेला चर. उघडी पडलेली मुळं.)

धागा सुरू होतो तो इथं. बारीक मुळांचा मोठा हिस्सा जमिनीच्या अगदी वरच्या थरात असतो, आणि पुण्यात खाली मुरूम आणि काळा कातळ लवकर लागतो. क्षार आत ओढून घ्यायला मुळांना ऊर्जा लागते, ऊर्जेला श्वसन लागतं आणि श्वसनाला ऑक्सिजन. तो येतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. ह्या पोकळ्या पाण्यानं तुंबल्या तर ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. माती दाबून वर सिमेंट ओतलं, तर हवेची वाटच बंद होते.

(बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक. जवळून.)

हे एकाच गल्लीतलं चित्रण आहे. मुळं गुदमरतात, कुजतात, आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात झाड गाड्यांवर येतं.

दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली आदेश दिला: बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. एवढी माती आपल्या गल्लीतही मिळायला हवी. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, सोबत बुंध्याचा फोटो जोडा. आणि काम सुरू होईल तेव्हा तिथं उभे राहा. ब्रेकर लावू देऊ नका, मुळं तुटतात. छिन्नी-हातोड्यानंच फोडायला सांगा, आणि खड्डा खडीनं नाही, मातीनं आणि पालापाचोळ्यानं भरायला लावा.