तलावाकाठची नोकरी आणि कॅमेरा

मंडळी, आजची मालिका आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. अमेरिकेतली कोर्ट टीव्ही ही खटले दाखवणारी वाहिनी २००८ साली ट्रूटीव्ही झाली आणि त्याच वर्षी तिच्यावर ‘रिहॅब’ सुरू झाली. लास वेगासच्या हार्ड रॉक हॉटेलात, कसिनोला लागून असलेल्या पोहण्याच्या तलावावर २००४पासून उन्हाळ्यात दर रविवारी पार्टी होत असे. तिचं हे चित्रण.

पार्टी रविवारीच का, हे आधी बघू. शनिवार-रविवार मजा करायला आलेली मंडळी रविवारी दुपारी सामान आवरून कॅलिफोर्नियाच्या रस्त्याला लागतात. हार्ड रॉक १९९५ साली पीटर मॉर्टन यांनी उघडलं, तेही मुख्य रस्त्यावर, म्हणजे स्ट्रिपवर नव्हे, तर तिथून बाजूला. सहज चालत आत शिरणारं गिऱ्हाईक तिथे कमी. मग तरुण पाहुण्यांना आणखी एक दिवस थांबवायचं तर तलाव होताच. शिवाय वेगासचं गणितही तोवर बदललं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रिपवरच्या मोठ्या कसिनोंची निम्म्याहून अधिक कमाई जुगाराच्या टेबलांवरून येत नाही. खोल्या, जेवण, दारू आणि करमणूक यांतून येते. हार्ड रॉकच्या तलावात पाण्यात उभं राहून ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार खेळता यायचा खरा, पण पैसा होता तो काठावरच्या कबानात. कबाना म्हणजे पडदे लावलेली, सावलीची बैठक. ती घ्यायची तर दारू-खाण्यावर अमुक इतका खर्च करायचाच, ही अट. एमजीएम ग्रँड हॉटेलचं वेट रिपब्लिक २००८ साली आलं, एन्कोर बीच क्लब २०१०मध्ये; दोन्ही असेच तलावावरचे पार्टी क्लब. सगळ्यांनी हेच गणित उचललं.

आता मालिकेकडे येऊ. तिचे नायक पाहुणे नाहीत, नोकरदार आहेत. दारावरचे सुरक्षारक्षक, ट्रे घेऊन फिरणाऱ्या वेट्रेस, बारटेंडर, बड्या गिऱ्हाइकांची सरबराई करणारे होस्ट. मला ही मालिका महत्त्वाची वाटते ती एवढ्याचसाठी. ‘बिग बॉस’च्या घरात जाणारा माणूस कार्यक्रमासाठीच जातो, त्याचे पैसे ठरवून घेतो. इथे माणसं आपापल्या कामावर आलेली आहेत आणि त्या कामावरच कॅमेरा लागलेला आहे. वरिष्ठ सर्वांसमक्ष झापतो, ते दृश्य देशभर दिसतं. उद्या पाळी त्याच वरिष्ठाच्या हाताखाली असते.

त्या वेट्रेसचं काम जरा जवळून बघा. वेगासचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर. पायाखाली ओली फरशी, हातात बाटल्या आणि बर्फाने जड झालेला ट्रे, आजूबाजूला प्यायलेली गर्दी. कुणाचा हात नको तिथे गेला तर चेहऱ्यावरचं हसू न मोडता बाजूला सरकायचं, कारण त्याच टेबलाकडून टिप यायची आहे. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात टिप मिळते म्हणून किमान वेतन कापता येत नाही, कायदाच तसा आहे; अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत कामगारांना असं संरक्षण नाही. तरीही तलावावरची खरी मिळकत टिपेचीच, आणि कोणत्या कबानाची जबाबदारी कुणाला द्यायची हे वरिष्ठ ठरवतो. मालिकेतली बरीचशी भांडणं याच वाटपाभोवती आहेत. मला ती लुटुपुटूची वाटत नाहीत.

चित्रीकरणाची रीत ठरलेली असते. प्रवेशद्वाराशी पाटी: आत आलात म्हणजे तुमचं चित्रण होऊ द्यायला तुमची हरकत नाही. जो ठळक दिसणार त्याची सही घेतात, सही नसेल तर चेहरा धूसर करतात. पण भर दुपारी प्यायलेल्या माणसाची सही म्हणजे संमती कशी मानायची, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. पुढे संकलनात मुलाखतीतल्या दोन वेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून तिसरंच वाक्य तयार करता येतं. या धंद्यात त्याला ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात आणि ते सर्रास चालतं.

एक गोष्ट मात्र अशा मालिकांत सहसा मोकळेपणाने येत नाही, कारण जागा हॉटेलची आणि कॅमेरा आत येतो तो हॉटेलच्या परवानगीने. २००९च्या जुलैमध्ये वेगासच्याच रिओ हॉटेलात, सफायर नावाच्या तलावावर, पोलिसांनी अमली पदार्थ आणि वेश्याव्यवसायाच्या आरोपांवरून अटका केल्या आणि ती पार्टी बंद पडली. नेवाडात जुगाराचा परवाना ज्याच्या नावावर, त्याला आवारात चालणाऱ्या प्रकारांसाठी जाब द्यावा लागतो. क्लब दुसऱ्याला चालवायला दिला असला तरी सुटका नाही. त्यामुळे पडद्यावर धिंगाणा दिसतो तो परवान्याला धक्का न लावणारा: मारामारी, उलट्या, बाहेर काढलेलं गिऱ्हाईक. रक्षक आला, प्रश्न मिटला, पुढचं दृश्य. हॉटेलसाठी ही देशभर चाललेली जाहिरातच होती.

२०१०नंतर मालिका थांबली. हॉटेल २०२०च्या फेब्रुवारीत बंद झालं आणि २०२१मध्ये त्याच इमारतीत व्हर्जिन हॉटेल उघडलं. तिथल्या सुमारे ७०० कामगारांनी कलिनरी युनियन या हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या झेंड्याखाली नोव्हेंबर २०२४मध्ये संप पुकारला. ६९ दिवस ते रस्त्यावर होते, नाताळ आणि नवं वर्ष धरून. मागण्या पगाराच्या होत्या, आरोग्यविम्याच्या होत्या. जानेवारी २०२५मध्ये करार झाला आणि माणसं पुन्हा कामावर गेली.